शपथ घालून सांगितलेली गोष्ट

वाचकाचं पत्र, ओळख लपवून आणि थोडक्यात: वय ३२, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, नाशिकमधल्या एका ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) सभासद. शब्बाथ शाळेपासूनचा, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षांचा एक मित्र. मंडळीच्या तरुण संघात मित्र खजिनदार, तर हे सेक्रेटरी. गेल्या महिन्यात मित्राने आधी यांचा हात बायबलवर ठेवून कोणालाही न सांगण्याची शपथ यांना घ्यायला लावली आणि मग सांगितलं, की शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या व्यवहारात तो बुडाला आहे आणि संघाचे साठ हजार रुपयेही त्यात गेले आहेत. पैसे नाताळच्या कार्यक्रमाचे आणि मंडळीतल्या विधवा स्त्रियांना डिसेंबरात द्यायच्या किराण्याचे. 'नाताळच्या आत कमावून भरतो,' असं तो म्हणतो. शिवाय त्याला पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज काढायचं आहे आणि जामीनदार म्हणून यांची सही हवी आहे. त्याच्या बायकोने, 'भावजी, हे रात्री झोपत नाहीत, तुम्हाला काही माहीत आहे का?' असं विचारलं, तेव्हा यांनी 'कामाचा ताण असेल' म्हणून वेळ मारून नेली. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वार्षिक सभा आहे आणि हिशेबाच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतात. पत्रात ते विचारतात: 'निष्ठावान मित्र गुपित झाकून ठेवतो, असं नीतिसूत्रांत आहे. मी शब्द दिला आहे. तो मोडला तर मी कसला ख्रिस्ती आणि कसला मित्र?'

सलाम.

'मी शब्द दिला आहे' हे तुमच्या पत्रात तीनदा आलंय, म्हणून आधी त्या शब्दाकडेच पाहू. तुम्ही शपथ घेतली तेव्हा पुढे काय ऐकायला मिळणार, याची तुम्हाला कल्पना नव्हती. म्हणजे कोऱ्या कागदावर सही घेतल्यासारखं झालं. शास्त्रात अशी कोरी शपथ घेणारा एक माणूस आहे, हेरोद. मार्कच्या सहाव्या अध्यायात तो भर मेजवानीत अर्ध्या राज्यापर्यंत काहीही माग, म्हणून शपथ घेऊन बसतो. मागणी येते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिराची. त्याला फार वाईट वाटतं, तरी शपथ घेतली आहे आणि पाहुणे बघताहेत, म्हणून तो ती पुरी करतो. हेरोदाने शब्द पाळला म्हणून कुठलीही मंडळी त्याची वाखाणणी करत नाही.

लेवीयच्या पाचव्या अध्यायाची सुरुवात या आठवड्यात शांतपणे वाचा. पहिल्याच वचनात, ज्याला एखादी गोष्ट माहीत आहे आणि साक्ष मागितली जात असताना जो बोलत नाही, त्याच्यावर दोष येतो असं म्हटलंय. तीनच वचनं पुढे, चौथ्यात, विचार न करता घेतलेल्या शपथेचा उल्लेख आहे आणि तीही कबूल करायची बाब म्हणून. दोन्ही दोष एकाच यादीत आहेत. तुमची अडचण तिथे आधीच ओळखलेली आहे आणि त्यातून बाहेर पडायची वाटही दाखवलेली आहे: चुकीची शपथ घेतली, हे कबूल करायचं. आणि मी म्हणेन, ज्याला शब्द दिला त्याच्याच समोर करायचं. त्याच्या पाठीमागे ती गुपचूप मोडायची नाही. पुढे मी जे सुचवणार आहे, ते सगळं या एका भेदावर उभं आहे.

आता 'झाकणं'. नीतिसूत्रे ११:१३ मधला निष्ठावान माणूस गोष्ट झाकून ठेवतो, हे खरंच आहे. १७:९ मध्ये अपराध झाकणारा प्रीती वाढवतो. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातही प्रीती पापांची रास झाकते. ही वचनं खोडायची मुळीच गरज नाही. फक्त ती कोणाच्या अपराधाबद्दल आहेत, ते पाहा. मित्राने तुमचे पाच हजार बुडवले, तुमचा अपमान केला, तर ते झाकणं तुमच्या हातात आहे, कारण नुकसान तुमचं आहे. झाका, आणि पुन्हा कधी काढूही नका. हे साठ हजार मात्र तुमचे नाहीत. त्यात कोणीतरी उपकारस्तुतीला दिलेली नोट आहे, आणि ज्यांचा डिसेंबरचा तांदूळ-तेल त्यावर ठरला आहे, त्या बायका आहेत. त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिलेला नाही. आणि त्याच नीतिसूत्रांत, २८:१३ मध्ये, स्वतःचे अपराध झाकणाऱ्याचं बरं होत नाही, हेही आहे.

मग गुपित कुठलं राखायचं? हे तुमच्यासारख्या इतरांसाठीही लिहिते. मित्राचा आजार, मूल न होण्याचं दुःख, नवरा-बायकोतला तणाव, विश्वासात आलेली शंका, तारुण्यातली जुनी चूक, नोकरी गेल्याची लाज, हे सगळं मरेपर्यंत पोटात ठेवायचं. आपल्याकडे हे नेमकं 'प्रार्थनेचा विषय' म्हणून फुटतं. व्हॉट्सॲपच्या प्रार्थना गटावर 'एका भावासाठी प्रार्थना करा, फार आर्थिक अडचणीत आहेत' एवढं लिहिलं, की संध्याकाळपर्यंत तीन घरांत नाव ठरलेलं असतं. नाव न घेता केलेली चहाडीही चहाडीच असते. तुमच्या मित्राबद्दल अशी एकही ओळ कुठे टाकू नका. याउलट कोणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाला इजा होत असेल, कोणाला मारहाण होत असेल किंवा दुसऱ्यांचा पैसा आज या घडीला जात असेल, तर ते गुपित एकट्याने सांभाळायचं नसतं. आणि पुढे कधी कोणी शपथ घालू लागलं, तर सरळ म्हणा, 'सांग, मी ऐकतो. पण शपथ आधी घालू नकोस. ऐकून झाल्यावर काय कोणापासून ठेवायचं, ते दोघं मिळून ठरवू.' बहुतेक माणसं तरीही सांगतात, कारण सांगायची गरज त्यांनाच असते.

तुमच्या पत्रात दोनच वाटा आहेत: गप्प बसायचं, नाहीतर पाळकांकडे जाऊन सांगायचं. पहिलीत मित्र राहतो, दुसरीत खरेपणा राहतो, असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, दोन्हींत मित्र एकटाच पडतो. येशूला धरलं त्या एका रात्री त्याचे दोन शिष्य चुकले होते. पेत्राने तीनदा नाकारलं, यहूदाने धरून दिलं. यहूदालाही पस्तावा झाला होता, हे आपण विसरतो. मत्तयच्या सत्ताविसाव्या अध्यायात तो तीस रुपये परत घेऊन जातो, 'मी पाप केलं' असं तोंडाने म्हणतो, आणि समोरचे याजक उत्तर देतात, 'आम्हाला त्याचं काय? तुझं तू पाहा.' त्यानंतर त्याच्यासोबत कोणी नव्हतं. पेत्र मात्र रडून झाल्यावर बाकीच्यांतच परतला. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात तो त्याच सोबत्यांबरोबर मासे धरायला जातो आणि प्रभू त्याला तिथेच, त्यांच्यादेखत, पुन्हा कामाला लावतो. तुमच्या मित्राबाबत निष्ठा म्हणजे कबुलीच्या खोलीत त्याच्या शेजारची खुर्ची तुमची असणं. (उद्या कोणी त्याला यहूदा म्हणालं, तर त्याला हा अध्याय नीट वाचायला सांगा.)

आता प्रत्यक्षात काय करायचं.

दोन दिवस घ्या, दोन आठवडे नकोत. तुम्हाला काय ठाऊक आहे, ते एका कागदावर तारखेसह लिहा: त्याने केव्हा सांगितलं, किती सांगितलं, पैसे रोख होते की खात्यातले. हा कागद तुमच्यापुरता. उद्या बोलताना संतापात आकडा फुगू नये आणि दयेत घटू नये, एवढ्यासाठी.

मग त्याला एकट्याला भेटा. मत्तय १८:१५ चा क्रम इथे अक्षरशः पाळण्यासारखा आहे: आधी दोघंच, मग एक-दोन जण, मग मंडळी. व्हॉट्सॲपवर यातलं काही लिहू नका, लिहिलेलं फिरतं. चर्चच्या आवारात नको, त्याच्या घरी नको, चहाच्या टपरीवरही नको. गोदापार्ककडे किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर सकाळी चाला. शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, आणि लाज वाटणाऱ्या माणसाला त्याने बोलणं सोपं जातं. एक तास हाताशी ठेवा.

सुरुवात स्वतःपासून करा. 'मी तुला शपथ दिली, ती द्यायला नको होती. मी ती तुझ्यामागे मोडणार नाही, म्हणून तुझ्यासमोर सांगतोय, की मी ती पाळू शकत नाही. सभेत त्या कागदावर मी सही करणार नाही. पण तुला एकट्याला सांगायला लावणार नाही, मी बरोबर येईन.' एवढं बोलून थांबा. पुढची पाच मिनिटं अवघड जातील. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते बोलायला लागल्यावर. तो रागावेल, 'तुझ्यावर विश्वास ठेवला तीच चूक झाली' म्हणेल. वाद घालू नका.

मग विचारा: 'एकूण किती?' हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि सगळ्यांत जास्त टाळला जातो. कर्जात अडकलेला माणूस पहिल्यांदा जो आकडा सांगतो, तो बहुतेक वेळा पूर्ण नसतो. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, तर पूर्ण आकड्याकडे त्याने स्वतःही पाहिलेलं नसतं. घरी बसून एकत्र यादी करा: कोणाचं, किती उरलं, व्याज किती, हप्ता किती, किती थकले. बँक, क्रेडिट कार्ड, मोबाइल ॲपवरची कर्जं, सोनं गहाण असेल तर ते, नातेवाइकांचे उसने, भिशी. ही यादी पूर्ण होईपर्यंत मदतीचं कुठलंही वचन देऊ नका. अर्धी कबुली हा अशा प्रकरणांतला नेहमीचा घात आहे: साठ हजारांचं सांगून मोकळं होतात, सगळे क्षमा करतात, आणि तीन महिन्यांनी दोन लाख वेगळे निघतात. मग त्या दुसऱ्या वेळी कोणी जवळ उभं राहत नाही.

त्याच बैठकीत फ्युचर्स-ऑप्शनचा विभाग ब्रोकरकडे बंद करायला लावा. 'नाताळच्या आत कमावून भरतो' हे तो मनापासून म्हणत असेल, तरी ती योजना नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. गेलेले पैसे त्याच विहिरीतून काढायला जाणं हेच या आजाराचं लक्षण आहे. वसुलीवाले रात्री-बेरात्री फोन करत असतील, तर बँका आणि वित्त कंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तारीख-वेळेसह नोंद ठेवून लेखी तक्रार करता येते.

आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. झोप नाही, कर्ज, लाज आणि गुपित, हे चारही एकत्र आहेत. स्पष्ट शब्दांत विचारा: 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट इतके दिवस कोणी विचारलं नाही, म्हणून मोकळं वाटतं. उत्तर 'हो' असेल, किंवा तो नजर चुकवून गप्प झाला, तर बाकीचा सगळा क्रम बाजूला. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी वहिनींना सांगा, शपथेचा विचार करू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. धोका अगदी समोर दिसत असेल तर ११२.

तसं नसेल, तर मुदत ठरवा. दहा दिवस पुरेत. आधी बायकोला, मग पाळकांना. हा क्रम उलटू देऊ नका. नवऱ्याची गोष्ट बायकोला महिला मंडळातून कळली, तर ते घर सांधायला फार वर्षं लागतात. 'अमुक रविवारच्या आत तू सांग, मी बरोबर येतो. नाही जमलं, तर सोमवारी मी पाळकांना भेटेन, आणि भेटायच्या आधी तुला फोन करेन.' हे एकदाच, शांतपणे सांगा. रोज आठवण करून दिली तर ती धमकी होते. तो म्हणेल, 'सभा होऊ दे, मग बघू.' सभेनंतर खोट्या कागदावर तुमची सही असेल. तुम्ही नुसते मित्र नाही, सेक्रेटरीही आहात, हे पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय. सोपवलेल्या पैशाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालचा फौजदारी गुन्हा आहे. माहीत असून हिशेबावर सही केलीत, तर तुम्हीही त्या चौकशीत ओढले जाल.

एक मोह तुम्हाला होणार आहे, तो आधीच सांगते: सभेच्या आधी आपल्या खिशातून साठ हजार भरून टाकावेत, कोणाला कळायला नको. मोठ्या मनाचं काम वाटतं. पण हिशेब तेव्हाही खोटाच राहील, मित्राच्या यादीत एक सावकार वाढेल, आणि तो सावकार तुम्ही असाल. पैसे देणाऱ्या मित्राला माणूस टाळू लागतो. रस्त्यात दिसलात तर तो पलीकडून जाईल, आणि तुम्हाला वाटेल, मी एवढं केलं तरी हा असा. विधवांच्या किराण्याची काळजी असेल, तर सगळं उघड झाल्यावर संघाला तुमच्या नावाने, पावती घेऊन देणगी द्या. पाच हजार, दहा हजार, जे झेपेल ते. आणि सभेत सुचवा, की या वर्षी मांडव-साउंड कमी करू, किराणा कमी करायचा नाही.

जामीन. नाही म्हणा, आणि कारण सांगून नाही म्हणा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा आणि उरलं तर माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवून थेट तुमच्या मागे लागू शकते. बँकेचं कर्ज असेल, तर तुमच्या पत-अहवालातही ते दिसतं, म्हणजे उद्या तुमच्या घराच्या कर्जाला अडथळा. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायाची पहिली पाच वचनं याच विषयावर आहेत: शेजाऱ्यासाठी जामीन राहिला असशील तर डोळ्याला झोप येऊ देऊ नकोस, हरणीसारखा सुटून जा.

यावर मंडळीतला कोणी जाणकार म्हणेल, पौल तर फिलेमोनाच्या पत्रात त्याचा दास अनेसिम याच्यासाठी जामीन राहिला! राहिला, आणि स्वतःच्या हाताने लिहून राहिला: त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. पण त्या पत्रात काय काय आहे, ते बघा. ते फिलेमोनाबरोबर त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही लिहिलेलं आहे, म्हणजे व्यवहार सगळ्यांसमोर. बोलणं आधीच झालेल्या देण्याबद्दल आहे, नव्या कर्जाबद्दल नाही. आणि अनेसिम स्वतः परत निघाला आहे, ज्याचा अपराध केला त्याच्या दारात. या तीन गोष्टी असतील, तर मित्रासाठी पैसे मोजायला हरकत नाही. तुमच्यासमोर ठेवलेल्या अर्जात यातलं एकही नाही. नवीन तीन लाख जुनी यादी न पाहता घेतले, तर ते भोकं पडलेल्या घागरीत जातील. मित्राला असं सांगा: 'जामीन राहणार नाही. पण महिन्याला इतके रुपये, एक वर्ष, बिनव्याजी देतो. कागदावर लिहू, वहिनींना माहीत असू दे.' रक्कम अशी ठरवा, की परत आली नाही तरी तुमच्या घरचा हप्ता आणि मैत्री दोन्ही टिकतील. त्याहून एक रुपया जास्त देऊ नका. हा आकडा ठरवताना तुमच्या पत्नीला बरोबर घ्या. तिच्यापासून लपवून मित्राला मदत केलीत, तर तुमच्या घरातही तीच गोष्ट सुरू होईल.

वहिनींना तुम्ही जे उत्तर दिलंत, ते दुरुस्त करायला हवं. योनाथानासारख्या मित्रानेही दावीदाला वाचवण्यासाठी बापासमोर, तो बेथलेहेमला घरच्या यज्ञासाठी गेलाय, अशी थाप मारली होती. त्या थापेचा उपयोग झाला नाही. शौलाने भाला त्याच्याच अंगावर फेकला. उपयोग झाला होता तो आधीच्या अध्यायात, जेव्हा योनाथान सरळ उभा राहून बापाला म्हणाला, की दावीदाने तुमचं काहीही वाईट केलेलं नाही. वहिनींना एवढंच म्हणा: 'त्या दिवशी मी जे बोललो ते बरोबर नव्हतं. गोष्ट आहे, पण ती त्यानेच सांगायची आहे. मी त्याला तसं सांगितलंय, आणि या दहा दिवसांत तो सांगेल.' आकडा तुम्ही सांगू नका. त्या खोदून विचारतील, रडतील, तरी नको. मुदत टळली तर मात्र पाळकांकडे जाण्याआधी वहिनींना भेटा.

पाळकांच्या भेटीत चौघंच असावेत: पाळक, मित्र, त्याची बायको, तुम्ही. तो बोलेल, तुम्ही नाही. त्याने रक्कम गाळली, तर 'यादी आणली आहेस ना?' एवढंच विचारा. त्याच वेळी खजिनदारपद सोडल्याचं पत्र, रोकड वही, पावतीपुस्तकं, पासबुक आणि उरलेली रोख रक्कम मोजून द्यावी आणि पोच घ्यावी. परतफेडीबद्दल लेवीयच्या सहाव्या अध्यायात नेमकं हेच प्रकरण आहे: सोपवलेल्या ठेवीबाबत कोणी लबाडी केली, तर पूर्ण परत करून वर पाचवा हिस्सा द्यायचा. साठ हजारांवर बारा हजार, म्हणजे बहात्तर. महिन्याला सहा हजारांनी वर्षात फिटतात. आजच्या मंडळीला तो नियम जसाच्या तसा लागू होतो, असं मी म्हणत नाही. पण मित्राने स्वतःहून हे सुचवलं, तर खोलीतलं वातावरण बदलतं. कमिटीला काय कळवायचं, पोलिसांत जायचं की नाही, हे पाळक आणि कमिटी ठरवतील. तिथे तुम्ही मित्रासाठी दयेची विनंती करू शकता, सत्य कमी करायची नाही. कमिटीत गट असतील, आणि बहुतेक ठिकाणी असतात, तर या प्रकरणाचा निवडणुकीसाठी वापर होऊ नये, हे पाळकांना त्या खोलीतच सांगून ठेवा.

पुढे हिशेबाची पद्धतही बदला, कारण एकट्या माणसाच्या हाती साठ हजार राहू देणं ही संघाचीही चूक आहे. देणगी दोघांनी मोजायची, आठवड्याच्या आत खात्यात भरायची, खातं दोन सह्यांचं, दर तीन महिन्यांनी पासबुक आणि वही सभेत उघडी. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल वर्गणीचे पैसे एकट्याने नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये. आणि आपल्या नाशिकचंही एक उदाहरण आहे. शरणपूरच्या मिशनशाळेत शिकलेला जेकब वेनराइट, गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकन मुलगा, आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्याबरोबर होता. १८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातल्या एका गावात लिव्हिंग्स्टन वारला. तेव्हा सोबत्यांनी त्याच्या पेट्या सगळ्यांदेखत उघडल्या आणि लिहिता येणाऱ्या जेकबने एकेका वस्तूची यादी केली, म्हणजे उद्या कोणावर आळ नको. मग ते शव आणि ते कागद त्यांनी हजार मैलांहून जास्त अंतर वाहून किनाऱ्यावर आणले. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे, कोण जाणे. मेलेल्या मालकाच्या बाबतीतही त्यांनी आधी वही उघडली आणि मग खांदा दिला.

मैत्री तुटेल का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. काही काळ तुटेल, असंच धरून चला. सहा महिने, कदाचित वर्ष. बर्णबा आणि पौल मार्कवरून इतके भांडले, की त्यांनी वाटा वेगळ्या केल्या. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात मात्र पौल त्याच मार्कला घेऊन यायला सांगतो, तो माझ्या उपयोगी आहे म्हणून. त्या मधल्या काळात तुम्ही काय करता, ते महत्त्वाचं. आठवड्यातला एक वार ठरवून फोन करा, तो उचलो न उचलो. मुलांचे वाढदिवस चुकवू नका. हप्त्याची चौकशी तुम्ही करू नका, ते काम नव्या खजिनदाराचं. तुम्ही विचारत राहिलात तर मित्राच्या जागी पोलीस व्हाल. क्रिकेटबद्दल बोला, त्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोला. कोणी तुमच्यासमोर त्याचं प्रकरण उगाळायला लागलं, तर 'ते मंडळीसमोर मिटलंय' म्हणून विषय बदला.

आणि सभेनंतरचा पहिला रविवार. त्या दिवशी त्याला चर्चच्या फाटकातून आत येणं जमणार नाही, तो बायको-मुलांना पाठवून घरी बसेल. उपासना साडेनऊची असेल, तर तुम्ही पावणेनऊला सहकुटुंब त्याच्या दारात असा. चहा घ्या, एकत्र निघा, आणि आत गेल्यावर त्याच्याच बाकावर बसा.